चित्रात सोडलेली जागा

मामा,

आज घरात कोणी आलं नाही. तू गेल्यापासून असा हा पहिलाच दिवस. मामीने आणि मी जेवून घेतलं, भांडी विसळली, आणि मग पुढे काय करायचं ते दोघींनाही सुचेना. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली. मी कागद घेऊन गच्चीच्या जिन्यात येऊन बसले.

थकायला झालंय रे. रडून नाही. रडणं तर मला अजून नीट आलेलंच नाही. बसा, पाणी घ्या, हो, थोडेच दिवस ॲडमिट होता, नाही, त्रास फार झाला नाही, चहा घेऊनच जा. हेच पुन्हा पुन्हा बोलून थकायला झालंय. मामी तर आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मान हलवते.

तुझ्या नोकरीबद्दल, बढत्यांबद्दल, कुठे कुठे होतास त्याबद्दल सगळं बोलून झालंय. तुझ्या रेजिमेंटचे लोक आले होते. त्यातल्या पांढऱ्या मिशांच्या एकाने तुझ्या फोटोला असा कडक सॅल्यूट ठोकला की मामी दचकलीच. ते सगळं मी पुन्हा लिहिणार नाही. मला लिहायची तशी सवयही नाही. मनातलं कागदावर येईपर्यंत माझं अर्धं गळून जातं. पण मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि उद्याच्या आत तिचं उत्तर मला घरच्यांना द्यायचं आहे. उद्या रविवार. संदीपदादा रंगाचे डबे घेऊन येणार आहे.

गोष्ट तुझ्या शेवटच्या चित्राची आहे. आपल्या गच्चीवरून दिसणारी दिघीची टेकडी. टेकडी झाली आहे, आभाळ झालं आहे, खालची झाडं झाली आहेत, पत्र्याची छपरंसुद्धा झाली आहेत. फक्त उजवीकडे खाली एक जागा कोरी आहे. नुसता पांढरा कागद. तुझ्या तेराव्याला आलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, की ती समोरच्या नव्या बिल्डिंगची जागा. दोन वर्षं ती वर वर चढतेय, आणि तूच नाही का म्हणायचास, "बिल्डरचं आधी पुरं होऊ दे, मग माझं होईल."

संदीपदादा मामीचा भाचा. खडकी बाजारात रिक्षांवर नावं आणि नक्षी रंगवतो. माणूस मनाचा चांगला आहे, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "आत्या, मामांचं शेवटचं चित्र, ते काय असं भोक ठेवून लावायचं हॉलमध्ये? मी येतो रविवारी. बिल्डिंग म्हणजे काय, उभ्या-आडव्या रेघा. तासाभराचं काम."

मामी म्हणाली, "करून टाक बाबा. आता काही अर्धवट बघवत नाही मला."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तुझ्या शेजारी स्टुलावर बसून असायचे ती मीच. मी काहीच बोलले नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "काय, वायरलेस बंद पडला का?"

बंदच पडतो माझा. पहिल्यापासून. आई मला तुझ्याकडे सोडायला आली तेव्हाही मी दारात तशीच उभी होते, बॅग छातीशी धरून. आई म्हणाली, "दादा, तुज्याकडं ठिवतीया पोरीला. आमच्यात कॉलेजचं तोंड कुणी बगितलं न्हाय." तू हातातला ब्रश न ठेवताच म्हणालास, "मी तरी कुठं बघितलंय? दहावी झाली आणि भरती झालो. आता दोघं मिळून बघू."

आणि खरंच बघितलंस. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर बसने आलास आणि मी बाहेर येईपर्यंत गेटवरच्या वॉचमनशी गप्पा मारत थांबलास. नंतर रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "आज काय शिकवलं?" बाकीच्या मुलींना घरी असं कोणी विचारत नसे, कारण त्यांच्या घरी ते माहीत होतं. मला चिडायला व्हायचं. दमून यायचं आणि परत सगळं सांगत बसायचं. पण सांगता सांगता मला ते कळायला लागलं, हे मी तुला कधी बोलले नाही.

एकदा मी सांगितलं, की आपल्याकडचे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत. थरावर थर, म्हणून ते पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. तू भाकरीचा घास हातात धरून थांबलास. "तरीच!" म्हणालास. "एवढी वर्षं डोंगर काढताना ती आडवी रेघ हाताला लागायची आणि मला वाटायचं, मीच चुकतोय." मग ताटावरून उठून, हात धुऊन, एक जुनं चित्र काढून आणलंस आणि त्यातल्या पायऱ्या मला दाखवत बसलास. मामी म्हणाली, "डोंगर काही पळून जात नाही. आमटी गार होतेय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी शिकते ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे.

तुझी चित्रं म्हणजे सुंदर निसर्ग वगैरे, असं मी समजत होते. ती कुठून आली ते तू सांगितलंस तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. तोफखान्यात नवीन असताना तू दारूगोळ्याच्या पेटीच्या झाकणावर कोळशाने समोरचा डोंगर काढला होतास. एका साहेबांनी तो पाहिला. तू म्हणालास, "मला वाटलं, आता शिक्षा. तर त्यांनी मला पुढच्या चौकीवर पाठवलं. ती शिक्षाच होती म्हण." तिथे काम एकच. समोर दिसणारी डोंगरांची रांग जशीच्या तशी कागदावर काढायची आणि त्यातल्या ओळखू येणाऱ्या गोष्टींना नावं द्यायची. एकटं झाड. टकलू टेकडी. फुटका खडक. मागे लांब तोफा असायच्या, त्यांना समोरचं काही दिसायचं नाही. तुझ्या चित्रातलं नाव घेऊन त्यांना सांगायचं, की एकट्या झाडापासून उजवीकडे इतकं.

"आणि मोजायचं कशाने?"

"हाताने." तू हात समोर लांब केलास, एक डोळा मिटलास आणि मूठ झाडाला लावलीस. "हात ताठ. कोपर वाकलं की गेलं. मूठ म्हणजे एवढं, बोट म्हणजे एवढं. तुझी मूठ लहान आहे, पण तुझा हातही आखूड आहे, त्यामुळे हिशोब जुळतो. देवाने सोय केलीय."

गच्चीवर उभ्या उभ्या मी पूर्ण दिघी मुठींनी मोजली. खालच्या मजल्यावरच्या काकू मामीला विचारत होत्या, "तुमची भाची कोणाला ठोसे दाखवते हो?"

तुझा नियम एकच होता. दिसतं ते काढायचं, वाटतं ते नाही. "झाड आहे तिथेच राहील. तुला इकडे शोभतं म्हणून ते चालत येणार नाही." रिटायर झाल्यावर हडपसरला आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होतास, तेव्हाचा किस्सा तू दर पाहुण्याला सांगायचास. तिथल्या एका मॅडमना तुझं खडकवासल्याच्या पाण्याचं चित्र आवडलं. म्हणाल्या, "काका, सुपर्ब आहे. फक्त यात एक कपल टाका ना, सनसेट बघणारं." तू म्हणालास, "कपल आज सुट्टीवर आहे."

आम्ही हसायचो. पण माझं भांडण तिथूनच सुरू झालं.

कारण नुसतं कपल नाही, तुझ्या कुठल्याच चित्रात माणूस नव्हता. बर्फाचे डोंगर, वाळू, नद्या, पूर्वेकडची हिरवी जंगलं, सुट्टीवर आलास की काढलेलं आमच्या गावचं माळरान. कुठेच माणूस नाही. बैलाच्या पाठीमागेही नाही. आणि घरात रोज काय चालायचं? तू सकाळी स्टँड लावायचास, आणि त्याच वेळी मामी कपड्यांची बादली घेऊन वर यायची. दोरी नेमकी तुझ्या समोर.

"सरक जरा."

"अहो, आयुष्यभर सरकतेच आहे. आधी बॉर्डरसाठी सरकले, आता टेकडीसाठी सरकते." तोंडात चिमटे धरून ती हे बोलायची आणि बादली पायाने ढकलत बाजूला व्हायची. तू ब्रश वर धरून वाट पाहायचास. ती गेली की काम सुरू.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मामा, तुझ्या चित्रांमध्ये अख्खा देश आहे आणि मामी नाही. ती तुझ्या डोळ्यांसमोर उभी असते आणि तू ती हलायची वाट बघतोस. दिसतं ते काढायचं ना? मग ती दिसत नाही?"

माझा आवाज चढला होता. तू रागावशील असं वाटलं. तू बराच वेळ ब्रश पाण्यात खळबळत राहिलास. मग म्हणालास, "आम्ही ते चित्र नेम धरायला काढायचो गं. ज्याला मी नाव दिलं, त्याच्यावर कधी ना कधी गोळा पडायचा. ते एकटं झाड मी इतकं छान काढलं होतं. एक-एक फांदी." तू ब्रश झटकलास. "नंतर ते नव्हतं. माझ्या हाताला तेव्हापासून एक सवय लागलीय. चित्रात माणूस घ्यायला तो तयार होत नाही."

त्यावर काय बोलायचं असतं ते मला अजूनही माहीत नाही. तुझ्या खांद्याला हात लावायला हवा होता बहुतेक. तू म्हणालास, "चहा टाक," आणि मी खाली गेले.

दुसरं भांडण बिल्डिंगचं. ते उलटं होतं. मी म्हणत होते, ती काढूच नकोस. टेकडीची अर्धी उतरण तिने खाल्ली आहे. तू म्हणायचास, "दिसते ना?"

"दिसते. पण घाण दिसते."

"घाण दिसणं हे काही न काढायचं कारण नाही."

"मामा, तू आता ड्यूटीवर नाहीस. तोफा नाहीत मागे. कुणाचा नेम चुकणार आहे?"

"माझा," तू म्हणालास.

वरून लोहगावकडे उतरणारं विमान गेलं, कानठळ्या बसल्या, आणि आपण दोघंही विमान जाईपर्यंत तोंड मिटून उभे राहिलो. गेल्यावर वाद कुठे होता ते दोघांनाही आठवेना. तू हसलास. तो वाद तिथेच राहिला. त्यानंतर माझी परीक्षा आली, मग तुझा खोकला आला, मग खडकीचं हॉस्पिटल.

हॉस्पिटलमध्ये तू फारसं बोलायचाच नाहीस. मी शेजारी बसून वाचल्यासारखं करायचे. एका दुपारी डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालास, "चित्र ओलं आहे. कोणी हात लावू नका."

मी हो म्हणाले. मला वाटलं, औषधांमुळे बोलतोयस. जलरंग अर्ध्या तासात वाळतात, हे मला तूच शिकवलंस. आणि त्या चित्राला तू कितीतरी दिवसांत ब्रश लावला नव्हतास.

इथवर लिहिलं आणि माझा हात थांबला. कारण जलरंगाचं लिहिताना तुझं आणखी एक आठवलं. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. पांढरं हवं असेल तिथे कागद सोडतात. आणि तो आधीच सोडावा लागतो, पहिला हात मारायच्या आधी. नंतर आठवून उपयोग नसतो. "जागा सोडायचं आधी ठरतं, चित्र मागून येतं," असं तू म्हणायचास.

बिल्डिंग कुठवर चढेल ते तर तुला माहीतच नव्हतं. मग तिची जागा तू आधीपासून कशी सोडलीस?

मी वर गेले. स्टँडवरची आणि चित्रावरची ताडपत्री काढली. स्टँडच्या पायांचे डाग गच्चीच्या फरशीवर आहेत, तू इतकी वर्षं तो एकाच ठिकाणी लावायचास. तिथेच लावला. तुझ्या जागी उभी राहिले, हात ताठ केला, डोळा मिटला. टेकडीच्या टोकावरच्या मनोऱ्यापासून सुरुवात केली, कारण तो चित्रातही आहे. मनोऱ्यापासून बिल्डिंगपर्यंत मोजलं. मग चित्रातला मनोरा ते चित्रातली तीच जागा, तुझ्या पद्धतीने, छपरांच्या आधाराने.

बिल्डिंगच्या जागी चित्रात टेकडी आहे, मामा. पूर्ण उतरण. आता दिसत नाही ती. आडव्या पायऱ्यांसकट, आठवून काढलेली. आम्ही सगळ्यांनी ते चित्र इतक्यांदा पाहिलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की तू जे दिसत नाही ते काढलंस. तो वाद तू मला न सांगताच सोडून दिलास. मी जिंकले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मी फरशीवर बसले.

थोड्या वेळाने उठून कोऱ्या जागेचं मोजलं. ती बिल्डिंगपासून बरीच उजवीकडे आहे, आणि खाली, अगदी जवळ. आणि तिचा आकारही बिल्डिंगसारखा नाही. वर निमुळती, खाली रुंद, आणि एका बाजूला वर गेलेला एक बारीक फाटा. त्या फाट्याच्या कडेने तू आभाळाचा रंग किती सांभाळून थांबवला आहेस. मूठ तिथे नेली आणि मिटलेला डोळा उघडला. समोर कपड्यांची दोरी होती.

मी चुकतही असेन. माझी मूठ लहान आहे. कदाचित ती वाळत घातलेल्या चादरीची जागा असेल. कदाचित तुझ्या हाताला अजूनही जमलं नसतं आणि ती कोरीच राहिली असती. तुला विचारता आलं असतं तर मी विचारलं असतं. खरं तर नसतंही विचारलं, चहा टाकायला खाली गेले असते.

मी अजून हात लांब करूनच उभी होते, तेवढ्यात मामी वर आली. सकाळचे कपडे काढायचे राहिले होते. तिने मला तुझ्या जागी पाहिलं. एक पाय मागे घेतला, आणि सवयीने तिच्या तोंडून गेलं, "सरकू का गं?"

"नको," मी म्हणाले. "मामी, राहा तिथेच."

ती दोरीकडे गेली. एक हात वर करून चिमटा काढायला लागली. आणि तो बारीक फाटा कशाचा, ते मला दिसलं.

मग मी तिला सांगितलं. नीट सांगता आलं नाही, अडखळले, मुठीचं मधेच सांगायचं राहिलं, परत मागे आले. ती ऐकत होती. मग बघायला इकडे स्टँडपाशी आली, चष्मा वर-खाली केला, चित्र पाहिलं, समोर दोरीकडे पाहिलं. दोरीवर नुसते कपडे होते.

"कुठं आहे मी? तिथं तर कोणी नाही."

"तू इकडे आलीस ना. तू तिथे असलीस की दिसतं."

"म्हणजे मला कधी दिसायचंच नाही."

ती परत चित्राकडे वळली. मग म्हणाली, "एवढं मनात होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं यांना? सरक, सरक. जन्मभर तेवढंच." पदराने चष्मा पुसला. मग म्हणाली, "संदीपला फोन कर. म्हणावं डबे आणू नकोस. चौकटीचं माप घेऊन जा. आणि काच चांगली बसव म्हणावं, धूळ लागते."

फोन मी केला. तो म्हणाला, "अगं पण बिल्डिंग?" मी म्हणाले, "मामाने ती काढायची नाही असं ठरवलं होतं." इतकं ठामपणे मी याआधी कुणाशी बोलल्याचं आठवत नाही. दादा म्हणाला, "बरं बाई. आर्टिस्ट लोक."

आता ऊन उतरलंय. टेकडीवर तुझी आवडती वेळ झाली आहे, सावल्या पायरीपायरीने खाली येतायत. मी माझ्या त्याच स्टुलावर बसून हे संपवते आहे. आज कॉलेजात काय शिकवलं ते सांगायला माझ्याकडे काही नाही, मी अजून जायला लागलेले नाही. सोमवारी जाईन. संध्याकाळी येऊन इथेच सांगेन.

मामी परत दोरीपाशी गेली आहे. राहिलेले कपडे तिने काढले, घड्या घातल्या, चिमटे डब्यात टाकले. बादली भरली आहे. तिथे आता तिला काही काम नाही. तरी ती तिथेच उभी आहे, आपल्याकडे पाठ करून, एक हात दोरीवर ठेवून.